साडूचा बर्फ आणि माझे पाणी

माझ्या साडूला सुराचा गंध नाही, हे मी त्याच्या लग्नाच्या मांडवातच ओळखले होते. सनईवाला मन लावून वाजवत होता आणि नवरदेव पाटावर बसून गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता. तो ताल सनईचा नव्हता, चौघड्याचा नव्हता, मांडवातल्या कुणाचाच नव्हता. मला फार बरे वाटले. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे जन्मभर आपल्या शेजारच्या पाटावर बसवला जाणारा माणूस. सासुरवाडीचे लोक वाढता वाढता दोघांची तुलना करतात. तो माझ्यापेक्षा उंच होता, त्याचे केस दाट होते, आणि मकरपुऱ्यातल्या ज्या कारखान्यात तो होता तिथली बस त्याला न्यायला येई. मी बडोद्याच्या जुन्या वस्तीतल्या घडियाळी पोळमधून, म्हणजे आमच्या गल्लीतून, सायकलने शाळेत जाई. कान तेवढा माझ्या वाट्याला राहिला, असे मी मनाशी म्हटले आणि जिलबीचा दुसरा आग्रह मोडला नाही.

मी जलतरंग वाजवतो. हे वाक्य मी अनेकांना सांगितले आहे आणि बहुतेकांनी त्यावर ‘अच्छा, आणि काम काय करता?’ असे विचारले आहे. काम म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणे. गुजरात वेगळे झाले तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. पुढे मराठी तुकड्या आटत गेल्या आणि मी तेच धडे गुजरातीत शिकवू लागलो. न्हाणीघरातून उघडाच धावत सुटलेला तो ग्रीक हा माझा हुकमी धडा. वर्गात बादली नेऊन, तीत लाकडाचा ठोकळा सोडून मी तो असा रंगवत असे की दोन्ही भाषांतली मुले शेवटी टाळ्या वाजवत. जलतरंगाला तशा टाळ्या कधी मिळाल्या नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगून ठेवतो.

वाट्या आजोबांच्या. आजोबा संस्थानात कारकून होते, आणि महाराजांनी खूश होऊन त्या दिल्या असे आमच्या घरी सांगत. बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात महाराजांनी दिलेले काहीतरी असते, आणि महाराजांना तोंडावर स्पष्ट सुनावणारा एक पूर्वजही असतो. इतकी माणसे सुनावणारी आणि इतकी घेऊन जाणारी, तर महाराज राज्य केव्हा करत, हे कुणी सांगत नाही. आमच्या वाट्यांच्या बुडाशी जपानी छाप आहे, आणि दोन वाट्यांवर एका उपाहारगृहाचे पुसट नाव. पण सूर गोड आहेत. सोळा वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या आणि प्रत्येकीत चमच्याने पाणी घालायचे. पाणी वाढले की सूर उतरतो, काढले की चढतो. खरी कला त्या चमच्यात आहे. नंतर दोन काड्यांनी जे करायचे ते कुणीही करील.

मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, श्लोकपाठांतर आणि बक्षीस समारंभ यांच्या मधे, माझी वीस मिनिटे ठरलेली असत. शेजारचे गुजराती काका नेमाने पहिल्या रांगेत बसत. एके वर्षी मी राग संपवून काड्या खाली ठेवल्या तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, “सरस, मास्तर! बधुं गोठवाई गयुं? तो हवे शरू करो!” वीस मिनिटे मी वाट्याच जुळवतो आहे, अशी त्यांची समजूत होती.

हे चालायचेच. मी काही मंडळासाठी वाजवत नव्हतो. मी बायकोसाठी वाजवत होतो. तिला गाणे कळते. रेडिओवर एखादी चांगली ठुमरी लागली की भाजी निवडता निवडता ती डोळे मिटून घेते आणि हातातली गवार तशीच राहते. लग्नाला बावीस वर्षे झाली होती, आणि माझ्या वाट्यांसमोर तिने एकदाही डोळे मिटले नव्हते. मी थांबलो की ती विचारी, “झालं?” त्या प्रश्नात राग नसे, कंटाळाही नसे. दूध तापले का, असे विचारावे तसे ती विचारी. मला एवढेच हवे होते की एकदा, एका तरी रागाला, तिने डोळे मिटावेत. माणसाच्या महत्त्वाकांक्षा याहून मोठ्या असतात हे मी वाचले आहे.

साडू कारखान्यात शीतयंत्रांचा मिस्त्री होता. दक्षिण ध्रुवाकडे सरकारी मोहीम जायची होती, तिथल्या तळावर जनरेटर आणि यंत्रे सांभाळायला माणूस हवा होता, आणि हा निवडला गेला. ज्याने आयुष्यभर बर्फ बनवला त्याला फुकटच्या बर्फात नेऊन ठेवावे ही कल्पना सरकारलाच सुचू शकते, असे मी म्हणालो. कुणी हसले नाही, कारण मेहुणी पदराने डोळे पुसत होती. दोन मुलींना घेऊन ती सोळा महिने एकटी राहिली. तार क्वचित येई, पत्र त्याहून क्वचित. बायको दर रविवारी मकरपुऱ्याला तिच्याकडे जाई.

तो परत आला तेव्हा आम्ही सगळे माझ्या घरी जमलो. श्रीखंडपुरीचा बेत होता. पंगत बसल्यावर सासूबाईंनी सगळ्यांच्या वतीने विचारले, “कसं असतं हो तिथं?”

“पांढरं असतं,” साडू म्हणाला.

“आणि?”

“थंड.”

सोळा महिन्यांचे प्रवासवर्णन एवढेच. मी मनातून सुखावलो. मी नुसता जवळच्या डाकोरला जाऊन आलो तरी दोन तास बोलू शकतो. पण मग त्याची धाकटी मुलगी म्हणाली, “बाबा, चालताना कसं वाटायचं?”

तो ताटावरून उठला, हात धुतला आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेला. जाड्या मिठाची बरणी आणि परात घेऊन आला. बरणी परातीत पालथी केली, मुठीला फडके गुंडाळले आणि मूठ मिठावर हळूहळू दाबली. कर्र. मग दुसरी मूठ. कर्र.

“असं,” तो म्हणाला. “पण हे दिवसभर. आणि दुसरा आवाजच नाही.”

“अरे, मीठ सांडतोयस!” सासूबाई ओरडल्या. “मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं!”

“वेचीन,” तो म्हणाला.

मग तो अंगणातून शिरीषाच्या वाळक्या शेंगांची फांदी घेऊन आला आणि ती हलवत राहिला, आधी इतकी हळू की ऐकू येईना, मग जोरात. “हा वारा.” मग पाट्यावर वरवंटा आडवा ठेवून अंगाचे वजन टाकून सरकवला. जमिनीतून आवाज आला आणि माझ्या ताटातली वाटी थरथरली. “हा बर्फ सरकतो तो.” मग त्याने वरवंटा सोडला, दोन्ही हात उचलून धरले आणि काहीच केले नाही. पोळमध्ये कोणी हाका मारत होते, लांब कुठेतरी घंटी वाजत होती. मेहुणी रडत होती. आणि माझ्या बायकोने डोळे मिटले होते. तिच्या हातात पुरीचा तुकडा तसाच होता.

मत्सराने अंगाची लाही होते असे म्हणतात. मला तसे काही झाले नाही. मला फक्त श्रीखंड एकाएकी आंबट लागले.

साडूच्या घरी वरच्या खोलीत शिल्पकला शिकणारा एक दाढीवाला भाडेकरू होता. त्याने हा प्रकार एकदा जिन्यावरून ऐकला आणि त्याला त्यात ध्वनिशिल्प दिसले. त्या काळात बडोद्यात दाढ्या पुष्कळ होत्या आणि प्रत्येक दाढीला कशात ना कशात शिल्प दिसत होते. चार महिन्यांत साडूकडे नर्मदेतले गोटे, शंख, वाळके भोपळे, करवंट्या, बांबूच्या नळ्या आणि लाकडी चौकटीत भरलेले दोन पोती मीठ जमले. त्या मिठावर तो मोहिमेचे बूट घालून चालत असे आणि वीस-पंचवीस माणसे जमिनीवर बसून ऐकत असत. पत्रक निघाले: ‘ध्रुवीय मौनाचे नादावकाश’. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापलेले होते. मी ते तिन्ही भाषांत वाचले आणि तिन्हींत कळले नाही. अनुवाद प्रामाणिक होता. मौन शोधायला मनुष्य पृथ्वीच्या टोकाला गेला आणि येताना टेम्पोभर आवाज घेऊन आला, असे मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “तो आवाज घेऊन आला नाही. आवाज इथलेच आहेत.” हे खरे होते, म्हणून मला आणखी राग आला.

वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, हातात भोपळा धरलेला. बायकोने तो कापून कपाटाच्या काचेला आतून लावला. माझी चष्म्याची डबी त्याच कपाटात असते, त्यामुळे दिवसातून चार वेळा मी त्या भोपळ्याला भेटत असे. सगळ्यांत त्रास याचा होता की साडूने यातले काहीच मागितले नव्हते. गर्विष्ठ माणसाचा मत्सर करणे सोपे असते, त्याला निदान नावे ठेवता येतात. हा मात्र लोकांनी टाळ्या वाजवल्या की मागे वळून बघे, मागे कोण आले आहे म्हणून.

मग मंडळाचे चिटणीस घरी आले. चहा होईपर्यंत ते माझ्या प्रकृतीबद्दल बोलत होते, त्यावरूनच मी ओळखले.

“मास्तर, यंदा गणपतीत जरा वेगळं करू या म्हणतो.”

“माझं ठरलेलं आहे.”

“तुमचं आहेच हो! तुमचं कुठं जातंय? पुढच्या वर्षी. यंदा साडूंना जरा विचारता का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

माझी वीस मिनिटे दुसऱ्याला द्यायची आणि निरोपही मीच न्यायचा. मी विचारतो म्हणालो आणि विचारले नाही.

गणपतीच्याही आधी, मे महिन्यात, अलकापुरीतल्या एका वातानुकूलित सभागृहात त्याचा मोठा कार्यक्रम ठरला. मे महिन्यात बडोद्यात जो माणूस लोकांना गारव्यात बसवून बर्फाविषयी सांगेल त्याच्या मागे लोक जाणारच, हे मी तेव्हाही म्हणत होतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी साडू माझ्याकडे आला. पायरीवर चपला काढून, खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन, अवघडून उभा राहिला.

“भाऊ, पाच वाट्या द्याल का?”

“कसल्या?”

“तुमच्या. जलतरंगाच्या.” मग, त्याच्या मानाने, तो पुष्कळ बोलला. तिथला जुना बर्फ पाण्यात टाकला की तडतडतो, त्यात फार फार जुनी हवा कोंडलेली असते, ती सुटते. तळावरची माणसे संध्याकाळी ग्लासात खडा टाकून कान लावून बसत. “इथल्या लादीचा बर्फ तसा नाही, पण लादीचा मधला पांढरा भाग थोडा तडतडतो. वाटीत पाणी, पाण्यावर बर्फाचे लहान खडे. मधून मधून वाटीवर एक टोला. शेवटी तेच ठेवायचं म्हणतो. वीस मिनिटं.”

वीस मिनिटे. अगदी तीच.

“सूर कोण लावणार?” मी विचारले.

“तेच तर, भाऊ. मला कुठं कान आहे? तुम्ही लावून द्या.”

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सापडले नाही आणि बायको दारातच उभी होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी कापसात वाट्या गुंडाळत होतो, आणि मला ते एकदम सुचले. इतके सुचले की मी हसलो. बायको भेंडी चिरत होती.

“फजिती होणार आहे उद्या,” मी म्हणालो.

“कुणाची?”

“तुझ्या लाडक्या मेहुण्याची. बर्फ वितळला की काय होणार? पाणी वाढणार. पाणी वाढलं की सूर उतरणार. एका वाटीत खडा लहान, एकीत मोठा. वीस मिनिटांत पाच सूर पाच वाटांना लागतील. अख्ख्या अलकापुरीसमोर.”

विळीवरचा तिचा हात थांबला. “मग सांगा ना त्याला.”

“विचारलं तर सांगेन.”

“तो विचारेल,” ती म्हणाली आणि भेंडीचे देठ बाजूला सारले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आम्ही रंगमंचाच्या मागे होतो. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आली होती. साडूने ती हातोडीने फोडली, मधला पांढरा भाग वेगळा काढला, सुपारीएवढे खडे करून वाट्यांत सोडले. खडा काठाला चिकटला की सूर बसतो, म्हणून लहानच हवा, एवढे मी त्याला सांगितले होते. मग मी चमचा घेतला आणि भूपाचे पाच सूर लावले. वाट्या गार पडून बाहेरून घामेजल्या होत्या. मी खोटे सांगत नाही, त्या दिवशी मी आयुष्यात लावले नसतील इतके शुद्ध सूर लावले. उंचावरून पडले म्हणजे जास्त लागते.

साडू जवळ उकिडवा बसून बघत होता. “भाऊ, एक विचारू? हे वितळल्यावर सूर बिघडणार नाहीत ना?”

मी चमचा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. बायको थर्मास घेऊन आत आली होती आणि दोन पावलांवर थांबली होती.

“नाही रे,” मी म्हणालो. “काही होत नाही.”

“मग झालं,” तो म्हणाला. त्याने दोन्ही हात जोडले, जसे तो डॉक्टरांना जोडतो.

सभागृह भरलेले होते. शेजारचे काका पहिल्या रांगेत होते. मी आणि बायको तिसऱ्या रांगेत. शेंगांचा वारा झाला, गोट्यांची घसट झाली, मग तो बूट घालून मिठावर चालला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फार सावकाश. कर्र. थांबणे. कर्र. कुणी खोकलेसुद्धा नाही. मला त्या माणसाची पाठ दिसत होती आणि एक क्षणभर वाटले की त्याच्यासमोर कुणीही नाही, सभागृह नाही, बडोदे नाही, घरी पोचायला सोळा महिने आहेत. मला थंडी वाजली. यंत्र फार जोरात लावले असावे.

मग इतका वेळ बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या वाट्या आल्या, आणि मी घड्याळ बघितले.

बर्फ तडतडत होता, तेल पुरते तापायच्या आधी मोहरी एखाद-दुसरी उडते तसा. त्या तडतडीत तो मधेच एक टोला देई. षड्ज. बराच वेळ काही नाही. मग गंधार. पाच मिनिटे झाली. सूर जागेवर होते. मी म्हटले, अजून वितळायचा आहे. दहा मिनिटे झाली. मी मान पुढे काढून ऐकत होतो. आयुष्यात मी कुणाच्या सुराची इतकी मन लावून वाट पाहिली नव्हती. पंधरा मिनिटांनी तडतड विरळ झाली. खडे वाटाण्याएवढे उरले असतील. त्याने पंचमावर काडी टेकवली आणि पंचम आला, मी लावला होता तसा, केसभरही खाली नाही. वीस मिनिटांनी तडतड थांबली. बर्फ संपला होता. साडूने शेवटचा षड्ज दिला, आणि तो षड्ज होता.

तेव्हा मला बादली आठवली. ठोकळा आठवला. न्हाणीघरातून धावत सुटलेला तो उघडा माणूस आठवला. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढे पाणी आधीच वर ढकलून बसलेला असतो; वितळला की नेमकी तेवढीच जागा भरतो, पातळी हलत नाही. ‘पाण्यात तरंगणारा बर्फ वितळल्यास पाण्याची पातळी वाढेल काय? कारण द्या.’ हा प्रश्न मी दोन भाषांत घातला आहे, आणि ‘वाढेल’ लिहिणाऱ्यांना शून्य दिले आहे.

टाळ्या थांबेनात. साडूने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला. “मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. “सूर माझे नाहीत. माझ्या साडूभाऊंनी लावले. वाट्याही त्यांच्या. मला भीती होती, बर्फ वितळल्यावर सूर जातील. त्यांना विचारलं, तर म्हणाले, काही होत नाही. शास्त्र शिकवणारा माणूस. भाऊ, उभे राहा.”

मी उभा राहिलो. काका पहिल्या रांगेतून वळून ओरडले, “वाह मास्तर, वाह!” आणि सगळ्या अलकापुरीने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी कमरेत वाकून तीन बाजूंना नमस्कार केला. महाराजांना सुनावणाऱ्या पूर्वजांचे रक्त असे कामी येते. बायको टाळ्या वाजवत नव्हती.

रिक्षाने स्टेशन मागे टाकल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“अहो.”

मला हो म्हणता आले असते. आदल्या दिवशी चेष्टा करत होतो, म्हणता आले असते. मी शास्त्राचा मास्तर, कुणीही विश्वास ठेवला असता. पण तिचा तो ‘अहो’ मी बावीस वर्षे ऐकत आलो आहे.

“नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे तो सगळ्यांसमोर तोंडावर पडणार असं वाटत होतं, आणि तरी काही होत नाही म्हणालात.”

“हो.”

रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला मराठी येत असावे. बायकोने थर्मास एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

“उद्या जाऊन त्याला सांगा.”

“काय सांगू? की मी खोटं बोललो आणि ते खरं निघालं?”

“तेच.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सायकलने मकरपुऱ्याला गेलो. ऊन डोक्यावर यायच्या आत पोचलो. साडू बनियनवर बसून शेजाऱ्याचा कूलर उघडत होता. मेहुणी म्हणाली, “या भाऊजी, काल काय छान झालं नाही?” आणि चहा टाकायला आत गेली. मी ती आत असतानाच उरकून घेतले. वर्गात मुले चुकीचे उत्तर सांगतात तसे, भरभर आणि खाली बघून.

साडूने पाना खाली ठेवला. “पण भाऊ, तुम्ही बरोबरच सांगितलंत की.”

“मला ते चूक वाटत होतं.”

त्याने यावर विचार केला. मग कान खाजवून म्हणाला, “मी घरी सात-आठ वेळा करून बघितलं होतं. सूर मला कळत नाही, म्हणून काचेच्या ग्लासावर बॉलपेननं रेघ मारली. बर्फ जाईस्तोवर बसलो. पाणी रेघेवरच.”

“मग विचारलंस कशाला?”

तो अवघडला. पुन्हा पाना उचलला. “ताईंनी सांगितलं होतं. सकाळी फोन आला होता शेजारी. म्हणाल्या, वाजवायच्या आधी भाऊंना एकदा विचार. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत असतील.”

मेहुणी चहा घेऊन आली. मी तो पोळत पोळतच प्यायलो. निघताना त्याने वाट्या आणून दिल्या, एकेक वेगळ्या फडक्यात गुंडाळून, वर सुतळी. “भाऊ,” तो फाटकाशी म्हणाला, “तुमच्या वाजवण्याला टाळ्या केव्हा वाजवायच्या, ते मला अजून कळत नाही. मी आपला हिच्याकडे बघून वाजवतो. राग नका मानू.” असल्या माणसाचे काय करावे? मी गणपतीचा निरोप तिथेच देऊन टाकला. तो नको नको म्हणू लागला, मीच दोनदा आग्रह केला, आणि सायकलवर बसल्यावर मला त्याचा राग आला.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. ‘सांगितलं?’ असे तिने विचारले नाही. माझ्या तोंडावर दिसले असावे. मी एक वाटी सोडवली. पाणी घेतले, फ्रिजमधला ट्रे काढून एक खडा सोडला आणि ओट्यापाशी पाटावर बसलो. फ्रिज साडूनेच दुरुस्त करून दिलेला होता.

“हे काय आता?” ती म्हणाली.

“बघतोय.”

“काल अख्ख्या गावानं बघितलं की.”

“मी जन्मभर ठोकळाच सोडत आलो,” मी म्हणालो. “बर्फ कधी सोडला नव्हता.”

मी काडी टेकवली. वाटी वाजली. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवला.

“पुन्हा.”

मी पुन्हा वाजवली.

“थांबा,” ती म्हणाली. कणकेच्या हाताने, कोपराने बटण दाबून तिने पंखा बंद केला. मे महिना, दुपारचे बारा. मग ती समोर भिंतीला टेकून खाली बसली. “आता वाजवा. बदलतो का सांगते.”

बर्फ तडतडला, एकदाच, बारीक. मी सूर दिला. तो विरेपर्यंत थांबलो. पुन्हा दिला. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब भुवईपर्यंत आला आणि तिने तो पुसला नाही.

“तसाच आहे,” ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

मी पुन्हा सूर दिला. ना राग, ना ताल, उपाहारगृहाचे नाव असलेली एकच वाटी. वाटीत बघितले तर बर्फ केव्हाच वितळून गेला होता. मी तिला ते सांगितले नाही. मी वाजवत राहिलो.